रंध्याची दोरी

रावजीनं दोन फळ्या एकीवर एक उभ्या करून उजेडाकडं धरल्या आणि कचकचीत शिवी हासडली. सांध्यातून उजेड दिसायला नको, इथं तर सुरीचं पातं आत जात होतं. कऱ्हाटीच्या पाटलांचं हे सागवानी दार त्याचा थोरला भाऊ महिपती अर्धंच टाकून गेला होता. त्याचं तेरावं कालच झालं.

"वहिनी, दोरी धरता का जरा? ह्यो रंधा एकट्याला ऐकत न्हाय."

लांब रंधा दोघांचाच. एकानं मागून रेटायचा, दुसऱ्यानं समोर उभं राहून पुढं बांधलेली दोरी ओढायची. बारामतीच्या या पडवीत वीस वर्षं ती दोरी द्वारकाबाईनं ओढली होती.

ती चुलीपुढून उठली. नवरा गेल्यापासून तिचं असंच चाललं होतं. ऊठ म्हटलं की उठे, जेव म्हटलं की जेवे. डोळ्यांत टिपूस नव्हतं. शेजारणींनी त्यावरून नाकं मुरडली, पण तिला त्याचंही काही वाटलं नाही.

"इंदापूरला माझ्याकडंच चला," रावजी म्हणाला. "दोरी वढा, दोन घास खावा. रंधाबी तिकडंच नेऊ. हितं एकल्या काय करणार?"

"बरं."

तिनं दोरी ओढली. सालपटं तुटत तुटत निघाली. सवयीनं तिनं मान वर केली. घामेजलेलं, ओठ दातांत धरलेलं महिपतीचं तोंड बघत तिनं एवढी वर्षं दोरी ओढली होती. त्या जागी दुसरं तोंड तिला सोसवेना.

तिनं दोरी खाली सोडली.

"भावजी, तुमी दोरीला या."

"आन् मागं कोण?"

"मी."

"बायामाणसाचं काम हाय व्हय ते?"

"मागनं नुसती फळी दिसती."

रावजी पुढं गेला. तिनं पदर खोचला. कुठं दाबायचं, कुठं हात हलका सोडायचा, हे समोरून बघून बघून तिला पाठ होतं. पहिल्यांदा पातं अडकलं. तिसऱ्या खेपेला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सालपट निघालं. फळ्या उजेडाला धरल्या, तर सांध्यात उजेड दिसेना.

"रंधा हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "आन् मीबी."

तिनं पुढची फळी लावली आणि खाली बघत रेटू लागली. समोरून तिचं आसवांनी भिजलेलं तोंड रावजीला दिसत होतं. दुसऱ्या खेपेला त्यानं नजर काढून घेतली आणि तो भिंतीकडं बघत दोरी ओढत राहिला.