गौरीपुढं मोडला माझा गुडघा

मित्रांनो, माझं वय फार नाही. पण अंग जरा पिवळसर पडलंय, म्हणून हवं तर जुनी म्हणा मला. मी रेझिनची बाहुली. साच्यात ओतून माझा एकेक अवयव घडवला. जिथं सांधा तिथं एक गोळा आणि त्याला बसेल अशी वाटी. पोकळ अंगातून इलॅस्टिकची दोरी ओवलेली. तिच्या ताणावर मी उभी राहते, मांडीसुद्धा घालते. साध्या बाहुल्यांना हे जमत नाही, म्हणून मी जरा मिरवतेच!

पणदरे गावच्या उत्कर्षाला तिच्या पुण्याच्या मावशीनं मला दिलं. उत्कर्षानं माझं नाव छबू ठेवलं. शाळेतून आली की आधी माझे केस विंचरायची, मग दप्तर उतरवायची. लाडात वाढले मी, खोटं कशाला बोलू?

यंदा तिला गौरींच्या आराशीत मला उभी करायची हौस आली. गौरी घरात आल्या त्या संध्याकाळी तिची आई जयवंता मला खणाची साडी नेसवायला बसली. गौरींच्या लोखंडी स्टँडवर साडी कसून बांधायची तिला सवय. तशीच तिनं माझ्या पायांभोवती सुतळी आवळली आणि निऱ्या नीट बसाव्यात म्हणून एक हिसका दिला. काड्‌! गुडघ्याच्या वाटीचा तुकडा उडाला, दोरी तुटली आणि पाय गळून पडला.

उत्कर्षानं भोकाड पसरलं. तिची आजी, म्हणजे जयवंताची सासू गोजरबाई धावत आली.

"भंगल्यालं गौरीम्होरं ठेवत न्हाईत. परवा गौरींसंगं कालव्यात सोडून द्या."

"माझ्याच हातनं झालं ओ, आत्या," जयवंता रडवेली होऊन म्हणाली.

मला तर धडकीच भरली. कालव्यातून कोण परत येतं?

उत्कर्षानं डोळे पुसले. "आज्जी, तुझा गुडघा बारामतीला बदलला, तवा तुला कुणी कालव्यात सोडलं का?"

आजीलाच हसू फुटलं. "लई चुरूचुरू बोलतीया ही! बरं. गौरी उठायच्या आत ती सोताच्या पायावर हुबी ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे. न्हाय तर म्या कुणाचं ऐकायची न्हाय."

मायलेकी लगेच कामाला लागल्या. आराशीखालून तुकडा शोधला, धुऊन वाळवला. दोन्ही कडांना दाभणानं बारीक भोकं पाडली, जळक्या मोटरीतल्या तांब्याच्या तारेचा तुकडा आत बसवला आणि दोन ट्यूबांमधला इपॉक्सी डिंक कालवून जोड चिकटवला.

"आई, बघू का वाळलंय?"

"हात लावलास तर बघ!"

दुसरा दिवस गौरींच्या जेवणाचा. घरभर पुरणाचा वास, आणि मी फळीवर आडवी.

तिसऱ्या दिवशी जयवंतानं भुकटी नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधला, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून सांधा घासला आणि ब्लाउजच्या सामानातलं गोल इलॅस्टिक माझ्या अंगातून ओवलं. बाहेर गौरी उठवायची घाई चाललेली. उत्कर्षानं मला टेकवून हात सोडला. गुडघा डुगडुगला आणि मी कोलमडले.

"ढिलं पडलंय गं," म्हणत जयवंतानं गाठ सोडली आणि इलॅस्टिक आखडून पुन्हा बांधलं. पुन्हा उभं केलं. या वेळी मी तसूभरही हलले नाही.

तेवढ्यात हळदीकुंकवाला बायका आल्या. एकीनं विचारलंच, "काय वं गोजरबाई, मोडल्याली बाहुली गौरीम्होरं?"

आजीनं मला उचलून थेट गौरीच्या शेजारी ठेवलं. "मोडल्याली न्हाय. माझ्या सुनंनं नीट केल्याली हाय."

दोन दिवस मान खाली घालून वावरणारी जयवंता तेव्हा हसली. तिच्या हातांचे उपकार मी कसे विसरेन?

म्हणून सांगते मित्रांनो, वस्तू मोडली तर आधी तिचा तुकडा शोधा. आणि जिच्या हातून मोडली, तिला रागावू नका. दुरुस्तीला तिलाच जवळ बसवा. तिच्याही आत काहीतरी तुटलेलं असतं, आणि तेही जोडायचं असतं.