सात बटणांचा स्वेटर

एकोणीसशे शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, मास्तरांनी संकलनाच्या खोलीत चालू चित्र थांबवलं, पडद्यावर बोट टेकवलं आणि विचारलं, "हे कुणाचं कर्तृत्व?"

संकलक छताकडे बघू लागला. टाचणी कपड्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभी होती.

मास्तर म्हणजे मालिकेचे दिग्दर्शक. आधी शाळेत शिकवायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. टाचणी म्हणजे कपडेपट सांभाळणारी बाई. बोलतानासुद्धा तिच्या ओठांत चार टाचण्या धरलेल्या असायच्या. वय तेहतीस, नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवती ती एकटीच. आणि मालिकेचं नाव 'बस पुढे जात नाही'. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, एकसारख्या घरांच्या रांगेत राहायला आलेलं एक कुटुंब: टायपिस्ट वडील, तोंडाळ आजी, दोन मुलं, आणि या सगळ्यांना रोज सकाळी घराबाहेर काढता काढता नाकी नऊ येणारी आई. पहिला भाग आठ दिवसांनी दाखवायचा होता.

"हे बघा," मास्तर म्हणाले, "आई डबा घेऊन स्वयंपाकघरातून धावते. स्वेटरचं बटण भलत्याच काजात. एक बाजू वर, एक खाली. दार उघडते, रस्त्यावर येते, आणि सगळं सरळ! दारात काय शिंपी बसवलाय?"

चूक कशी झाली ते टाचणीला लख्ख आठवलं. रस्त्यावरचं चित्रीकरण सोमवारी झालं होतं आणि घरातलं शुक्रवारी. कुठल्या दृश्यात कोणता कपडा, कोणती बाही किती दुमडलेली, सगळं तिच्या वहीत असायचं. वही चुकली नव्हती, हात चुकला होता. बटणं नेहमी खालून वर लावायची हा तिचा नेम. खालचं पहिलं बरोबर बसलं की वरची बिघडत नाहीत. पण शुक्रवारी स्टुडिओची वेळ संपायला सहा मिनिटं उरली होती, आजीच्या पोलक्याची शिवण ऐन वेळी उसवली होती, आणि बाईंचा, म्हणजे आईचं काम करणाऱ्या नटीचा, खांदा दुखत असल्यामुळे त्यांची बटणंही टाचणीलाच लावायची होती. घाईत तिनं वरून सुरुवात केली. एक काज सुटलं. दृश्य पहिल्याच फटक्यात झकास झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळपर्यंत ते घर मोडून तिथे दुसऱ्या कुठल्यातरी कार्यक्रमाचं टेबल लागलं. पुन्हा घेण्याची सोय नव्हती. आणि मास्तरांची खोड सगळ्यांना माहीत होती: ज्याची चूक, त्याचा त्या दिवशीच रामराम.

टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. "मास्तर, ते मी..."

"ते मी केलंय," मागून आवाज आला. बाई आत आल्या आणि विचारल्याशिवाय मास्तरांच्याच खुर्चीवर बसल्या. "मुद्दाम केलंय."

"मुद्दाम? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. अहो, पहाटेपासून राबणारी बाई घरातल्यांसमोर कशीही वावरते. तिच्याकडे बघतंय कोण? पण रस्त्यावर पाऊल टाकायच्या आधी दाराआड ती स्वतःला सावरते. पुढच्या भागात दारातच करून दाखवते. मग तर पटेल?"

"थापा मारताय तुम्ही."

"मग दुसरी आई शोधा. आठ दिवस आहेत, भरपूर झाले."

मास्तर संकलकाला म्हणाले, "चालू कर."

बाहेर आल्यावर टाचणीनं त्यांना गाठलं. "बाई, तुम्ही कशाला..."

"गप ग. खांदा माझा दुखत होता ना? आता हे कुणाजवळ बोलायचं नाही. चूक आता माझी झाली, मीच ती सांभाळणार."

आणि त्यांनी ती सांभाळली. दुसऱ्या भागापासून दर वेळी आई दाराच्या कडीवर हात ठेवायची, थबकायची, खाली बघायची, दोन बटणं सोडून नीट लावायची आणि मान ताठ करून बाहेर पडायची. चार-पाच सेकंदांचं काम, पण लोकांनी डोक्यावर घेतलं. शाळेतल्या मुली नक्कल करायच्या. वर्तमानपत्रांत त्यावर लेख आले. मुलाखतींमधून मास्तर सांगू लागले की, ही कल्पना त्यांना दाढी करताना सुचली. बाई हसून मान डोलवायच्या.

पुढचे एकशे पंचवीस भाग टाचणीनं तो स्वेटर बाईंना चुकीचा घातला. खालून पाचवं बटण सहाव्या काजात, सहावं सातव्यात, वरचं मोकळं टोक हनुवटीला टेकेल असं. वहीत तिनं तसं लिहूनच ठेवलं होतं. एकदा ती आजारी पडली तेव्हा बदली बाईला ते काही केल्या जमेना. "असं गबाळं दिसायला अक्कल लागते," बाई म्हणाल्या होत्या, आणि तीन दिवस ती दृश्यं थांबली होती.

पहिला भाग मात्र टाचणीनं कधी पाहिला नाही. तो लागला की तिला भांडी आठवायची.

एकोणचाळीस वर्षांनी तिला बोलावणं आलं. जुन्या फितींवरचे रंग उडाले होते, पहिला भाग साफसूफ करून पुन्हा मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता, आणि खरे रंग कोणते ते खात्रीनं सांगणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. ती वही घेऊन गेली. खोलीत संगणकापुढे चाळिशीचा, दाढीवाला तंत्रज्ञ, आणि पुढच्या कोचावर काठी टेकून बसलेले मास्तर. त्यांना आता दोन हातांपलीकडचं दिसत नसे. ती मागच्या खुर्चीवर बसली.

"आजी, स्वेटर निळाच ना?" तंत्रज्ञानं विचारलं.

"आजी तुझ्या घरी. निळा नाही, राखाडी. निळसर झाक आहे फक्त. आणि बटणं काळी नाहीत, तपकिरी."

तो हसला आणि रंग बदलू लागला. बघता बघता ते स्वयंपाकघर उजळलं. बाई डबा घेऊन धावत आल्या, तरण्याताठ्या, कपाळावर घामेजलेली बट. टाचणीनं या वेळी नजर वळवली नाही.

"इथे एक घोटाळा आहे, मास्तर," तंत्रज्ञानं चित्र थांबवलं. "घरात बटणं वाकडी आणि बाहेर सरळ. पुढच्या भागांत त्या दारात नीट करतात, इथे नाही करत. सहा सेकंदांचाच मामला आहे. आता सरळ करता येतील. कुणाला कळणारही नाही."

"करून टाक," मास्तर म्हणाले. "चूकच ती. कपडेपटातली एक टाचणी होती, तिची. मला तेव्हाच कळलं होतं. बाई थाप मारत होत्या, पण अशी झकास मारली की म्हटलं राहू दे."

टाचणी उठली. गुडघा कळवळला, तरी काही न धरता उठली.

"मास्तर, मी इथेच आहे."

मास्तरांनी काठीवरची पकड बदलली. "कोण? टाचणी? अगं, मला वाटलं..."

"वारले असं वाटलं असेल. चूक माझीच. वरून लावायला घेतली, एक काज सुटलं. तेव्हा सांगायचं राहून गेलं, आज सांगते. पण ती पुसू नका."

"अगं, पण पहिलाच भाग. निर्दोष नको का?"

"पुढचे एकशे पंचवीस भाग मी निर्दोष दिलेत. एकाची बाही चुकली नाही, की एकाचा पट्टा. त्यात मी कुठे दिसते सांगा. नावांच्या यादीतसुद्धा नव्हते. दिसते ती एवढीच, या सहा सेकंदांत. आणि ती आई झाली तीही इथूनच. दाढी करताना नाही झाली."

तंत्रज्ञानं तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. मास्तर मात्र मोकळेपणी हसले, खोकला येईपर्यंत. मग चुकीच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "राहू दे रे बाबा तसंच. बटणं बाईंची आहेत." जरा थांबून म्हणाले, "या बाईंची."

मास्तर पुढच्याच वर्षी गेले. शेवटच्या मुलाखतीत त्यांनी दाढीचा किस्सा सांगितला नाही. विचारलं तर म्हणाले, ते कपडेपटाला विचारा. बाई त्याच्या दोन वर्षं आधीच गेल्या होत्या, आणि शेवटपर्यंत त्यांनी हे कुणाजवळ काढलं नव्हतं. आजीचं काम करणाऱ्या खऱ्याखुऱ्या आजी होऊन नातवंडांत रमल्या. वडील झालेल्या नटानं गावी जाऊन मधमाश्या पाळल्या. थोरला मुलगा विमा विकतो, धाकटी परदेशात दंतवैद्य आहे. संकलकाला आता कमी ऐकू येतं. तो सगळं खाणाखुणांनी बोलतो आणि खूप बोलतो.

पहिला भाग मोठ्या पडद्यावर लागला त्या दिवशी टाचणी तिसऱ्या रांगेत बसली होती. बाई दाराबाहेर आल्या तेव्हा सभागृहात हशा पिकला, आणि मागून कुणीतरी शेजारणीला म्हणालं, "बघ, बटणांची गंमत पहिल्या भागातही आहे." बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही होती. नाव, पत्ता, व्यवसाय असे रकाने. तिला निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली होती. मागे रांग खोळंबली होती, तरी तिनं चष्मा पुसला, सावकाश वाकली आणि व्यवसायाच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं: कपडेपट.