माझ्या पोरीबद्दल कुणी सांगितलं?

टोमॅटोची तोडणी चालली होती आणि आईचं निम्मं लक्ष टोमॅटोवर, निम्मं पोरीवर होतं. पंधरा वर्षांची पोर क्रेटशेजारी उकिडवी बसलेली, हात एका फळावर आणि नजर भलतीकडेच.

"तोडतेस का त्याला अंगाई म्हणतेस?" आई करवादली.

पोरीनं मान वर केली नाही. हीच पोर पूर्वी तोडणीला आली की साऱ्या वावरात तिचीच बडबड ऐकू यायची. आता ताट तसंच सोडून उठायची, केसांना फणी लावायची नाही, काही विचारलं की म्हणायची, "काही नाही." त्या 'काही नाही'वर आईचा काडीचा विश्वास नव्हता. तिनं दप्तर उपसलं, उशी चाचपली, मोबाइल चाळला. एखादा पोरगा सापडला असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळलं असतं. काहीच सापडलं नाही, तेव्हा तर संशय आणखी बळावला.

तेवढ्यात बांधावरून धाकटी जाऊ आली. "शाळेत पालकांची सभा आहे. नर्सबाई पोरांच्या मनाबिनाबद्दल सांगणार आहेत म्हणे. येता का, वहिनी?"

ही एवढी गोड कशाला बोलतेय? आईनं हात पुसले आणि ती निघाली. शिकायला नव्हे, आपल्या घराची चर्चा होतेय का ते बघायला.

वर्गात पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. नर्सबाई सांगत होत्या, "मूल एकाएकी गप्प होतं. जेवण सुटतं, झोप उडते. आपण म्हणतो, आळस आहे, नखरे आहेत, नाहीतर काहीतरी लफडं आहे. मग आया दप्तर तपासतात, उशी उचकतात..."

आईची कानशिलं तापली. तिनं जावेकडे पाहिलं. जाऊ खाली मान घालून बोटं मोडत होती. झालं, चोर सापडला!

ती ताडकन उठली. "बाई, माझ्या पोरीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं? हिनंच ना?"

नर्सबाई गोंधळल्या. "ताई, मी तुमच्या मुलीला ओळखतही नाही. तुम्हालाही आज पहिल्यांदाच बघतेय."

साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. आपल्याच तोंडानं आपण काय करून बसलो, ते आईला कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा सायकलवाला घसा खाकरून म्हणाला, "मग माझ्या पोराबद्दल कुणी सांगितलं?"

कुणीही हसलं नाही. जावेनं डोळे पुसले आणि ती पुटपुटली, "मला वाटलं, आमच्याच घरात आहे असं."

नर्सबाई खुर्ची ओढून त्यांच्यात येऊन बसल्या. "अंग दुखतं तसं मनही दुखतं, आणि तेही बरं होतं. घरी जाऊन विचारा. जीव नकोसा वाटतो का, हेसुद्धा विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि उत्तर येईपर्यंत तुम्ही बोलू नका."

वावरात पोर अजून तिथंच होती. आई तिच्यापुढं मातीत बसली. तिनं विचारलं, "जीव नकोसा झालाय का गं तुला?"

पोरीनं संशयानं पाहिलं. "कुणी काय सांगितलं तुला?"

आईच्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. तिनं सगळ्या गिळल्या. माती तापलेली होती, बसवत नव्हतं, तरी ती हलली नाही.

"कधी कधी," पोर बऱ्याच वेळानं म्हणाली. "वाटतं, सकाळच होऊ नये." आणि मग ती आईच्या मांडीत डोकं खुपसून हमसून हमसून रडली. आईला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं पोरीला घट्ट धरून ठेवलं.

"चल, ऊठ. नर्सबाई अजून शाळेतच आहेत. आत्ताच जाऊ."

"नको गं आई, गावाला कळेल."

"गावाला कळलंय," आई म्हणाली. "भर सभेत मीच ओरडून सांगितलंय. आता चप्पल घाल. ती बघ, काकूही तुझ्या चुलतभावाला घेऊन वाटेवर उभी आहे."