गिव्ह अपचा धडा

बाईंचा इंग्रजीचा वर्ग घराच्या पुढच्या खोलीत भरायचा आणि मागच्या खोलीत त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मध्ये नुसती फळ्यांची भिंत. इकडचं अक्षर न् अक्षर तिकडे ऐकू जायचं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी धडा होता ‘गिव्ह अप’चा, आणि तो बाईंनी मुद्दामच काढला होता. घड्याळवाल्यांचा उजवा हात हल्ली कापायला लागला होता. झाडताना केरात बारीक स्क्रू सापडायचे. पण बोलायची सोय नव्हती; हाताचं नुसतं नाव काढलं की स्वारी तोंड फुगवून बसायची. इकडे लेक बापाच्याच हाताखाली शिकून तयार झाली होती आणि दुसऱ्याच्या दुकानात राबत होती. आता तिला परगावी चांगली नोकरी चालून आली होती, होय की नाही ते आजच कळवायचं होतं. बापाने आपली खुर्ची दिली तर ती इथेच राहणार, नाहीतर निघाली. साधा हिशोब, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

म्हणून बाईंनी वर्गाला समजावलं. गिव्ह अप म्हणजे सिगारेटसारखी सवय सोडणं. कोडं सुटेना की आपण ‘हरलो बुवा’ म्हणतो, तेही गिव्ह अप. तेवढ्यात वर्गातल्या शिंप्याने विचारलं, म्हणजे हे नेहमी वाईटच का? बाईंना हवं होतं तेच झालं. त्यांनी आवाज चढवला. बसमध्ये आपण उठून दुसऱ्याला जागा देतो, त्यालाही गिव्ह अप म्हणतात, आणि त्यात कमीपणा कसला? हे त्यांनी पुन्हा सांगितलं, मग भिंतीकडे तोंड करून आणखी एकदा सांगितलं. आपलं काय चुकलं, या विचाराने बिचारा शिंपी कावराबावरा झाला.

वर्ग सुटल्यावर बाई धास्तावूनच आत गेल्या. घड्याळवाले रिकाम्या टेबलापाशी बसले होते. डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी काढून ठेवलं होतं.

“पहिल्या वेळेलाच समजलं होतं मला,” ते म्हणाले. “उगीच त्या शिंप्याला धारेवर धरलंस.”

“अहो, सरळ तोंडावर मराठीत सांगितलं असतं तर ऐकून घेतलं असतंत का?”

“नसतं घेतलं,” त्यांनी कबूल केलं.

घड्याळवाल्यांनी फोन उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि बाईंकडे सरकवला.

“पोरीला फोन लाव. बोलतो मीच. पण नंबर तू दाब, माझ्या हातून आकडे चुकतात.”

बाईंनी फोन घेतला, आणि पहिल्या खेपेला त्यांच्याही हातून आकडा चुकला.