बर्फातलं इन्सुलिन

बर्फाच्या बाबतीत दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात जमनाला शिकवायची कोणाची टाप नव्हती. कुठल्या मासळीला किती चुरा, तो कुठे दाबायचा, हे तिला विचारूनच बायका बोईसरच्या बाजाराला निघत. त्यामुळे तिच्या नवऱ्याला, कमलाकांतला, इन्सुलिन लिहून देताना डॉक्टर "थंड ठेवा" म्हणाले तेव्हा ती मनात हसली. हे मला सांगता होय!

घरी येताच तिनं इन्सुलिनचं पेन पिशवीत गुंडाळून पापलेटांच्या खोक्यात, चुऱ्याच्या पार तळाशी खुपसलं. रोज सकाळी तिथून काढायचं, नवी सुई लावायची आणि लगेच नवऱ्याच्या पोटात टोचायचं.

कमलाकांत होडीचा तांडेल, वादळातही सुकाणू न सोडणारा. पण औषध आत गेलं की टोचल्या जागी अशी आग व्हायची, की गडी दात आवळून भिंतीकडे तोंड फिरवायचा. दुपारपर्यंत ठणका. पंधरा दिवस त्यानं सोसलं. सोळाव्या दिवशी सदरा खाली ओढून बसला.

"तुजा हात जड हाय. आता नको."

घोळ माशाचं पोट चिरून आतली पिशवी अखंड काढणारा हात, आणि जड? जमनाचं टाळकं सटकलं. पण त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत होती. साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाय धड नसेल तर तांडेल होडीवर उभा कसा राहणार?

दोन दिवस विनवून दमल्यावर ती पेन बर्फासकट घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. "औषदच खराब हाय," तिनं ठणकावलं.

नर्स विजयानं पेन हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो जमनाताई, गारेगार टोचलं तर दुखणारच! आणि बर्फात गोठलं की औषधाचा गुणही जातो. हे टाकून द्या. नवं देते. वापरातलं पेन घरातच सावलीला, गार जागी ठेवायचं."

जमना खाली मान घालून परतली.

गप्प राहून नवं पेन टोचता आलं असतं. पण तिचा हात जड असं धरून बसलेला नवरा सदरा वर करणार नव्हता. तीस वर्षांच्या संसारात जो शब्द तिनं कधी काढला नव्हता, तो काढणं भाग होतं. ती त्याच्यासमोर बसली.

"माजं चुकलं. बर्फात ठेवलं म्हनून दुखत होतं तुमाला. औषद पन वाया गेलं."

कमलाकांत हळूच म्हणाला, "आत जाताना गारठा लागायचा. मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाय?"

"तुला? बर्फातलं सांगनार कोन?"

जमनाला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू आलं. आपल्या तोऱ्यापायी हा माणूस अंगठा घालवायला बसला होता. तिनं डोळे पुसले. नव्या पेनाला सुई लावली.

"सदरा वर करा," ती म्हणाली, आणि त्यानं केला.