तीन ठिपक्यांची लेन्स

"किती वेळ दात दाखवत बसू? वाळले आता," मेट्रनबाई ओठ न हलवता शेजारणीला म्हणाल्या.

मी पहिल्या रांगेतल्या बुटांच्या लेस सारख्या करत त्यांच्या पायाशीच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. मास्तरांना ऐकू गेलं नाही. मास्तर म्हणजे माझे वडील. ते समोर तिपाईमागे कॅमेऱ्यावर डाफरत होते.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर एकतीस नर्स, पहिली रांग पायथ्याशी खुर्च्यांवर. दर वर्षी हा फोटो बाबाच काढतात, तिपाई त्याच तडा गेलेल्या फरशीवर ठेवून. गेल्या वर्षीच्या फोटोत मागच्या भिंतीवरची 'शांतता राखा' ही पाटी इतकी स्वच्छ आली होती, की तिचे खिळे मोजून घ्यावेत. आणि तिच्यापुढे बायका अशा, जशी चहात पडलेली बिस्किटं. फोटो कुणी भिंतीवर लावला नाही. कुणी काही बोललंही नाही. पण आज मेट्रनबाई निवृत्त होत होत्या. संध्याकाळी चाव्या देऊन त्या कायमच्या लेकीकडे जाणार होत्या. उद्या पुन्हा काढू म्हणायची सोय नव्हती. ऑफिसातला कारकून मला दाराशीच म्हणाला होता, "ताई, या खेपेला तेवढं नीट येऊ द्या. नाहीतर पुढच्या वर्षी आम्ही आपले फोनवर काढू."

कॅमेरा भावाने गेल्या वर्षी पाठवलेला, कोरा करकरीत. त्याच्याबरोबरची लेन्स स्वतःचा फोकस स्वतः करते. बाबांनी ती 'प्लास्टिकचं बूच' म्हणून कपाटात फेकली आणि आपली चाळीस वर्षांची, हाताने फिरवायची लेन्स काढली. ती नव्या कॅमेऱ्याला सरळ बसत नाही, मध्ये धातूची कडी लागते. कडी त्यांनी मिळाली तशी, साधीच आणली. कॅमेऱ्याला ही म्हातारी ओळखूच येत नाही; पडद्यावर लिहून येतं, 'लेन्स लावलेली नाही'.

"याच्या बापाने पाहिली नसेल अशी लेन्स," बाबा म्हणतात.

नव्या कॅमेऱ्यात एक बटण आहे. दाबलं की चित्र दहापट मोठं दिसतं आणि चेहरा फोकसमध्ये आहे की नाही ते आंधळ्यालाही कळतं. ते मी त्यांना तीनदा दाखवलं.

"भिंग लावून काम करायला मी काय घड्याळजी आहे?"

बाबांच्या लेखी जगात कुणालाच काही येत नाही. फोनवाल्यांना येत नाही, भावाला येत नाही, मला तर नाहीच. आईलाही येत नव्हतं. चौतीस वर्षं ती स्टुडिओत त्यांच्याबरोबर होती. कुणी विचारलं, "वहिनीही फोटो काढतात वाटतं?" की बाबा हसायचे. "छे हो, ती नुसती बॅग धरते."

बॅग धरायचीच ती. शिवाय बाबा गिऱ्हाइकाची हनुवटी वर करत, खांदे सरळ करत, विनोद सांगत हिंडत असायचे, तेवढ्यात ती कॅमेऱ्याला डोळा लावून लेन्सची रिंग फिरवायची आणि दोन पावलं बाजूला व्हायची. बाबा येऊन बटण दाबायचे. लहानपणी मला वाटायचं, रिंग फिरवणं म्हणजे काच पुसण्यासारखं काहीतरी बायकांचं काम असेल. बाबांनाही तसंच वाटत असावं.

शेवटच्या आजारात तिने माझ्याकडून पांढरं नेलपॉलिश मागवलं. मी खुळी, मला वाटलं, आता बरी होतेय. तिने लेन्स मांडीवर घेतली आणि रिंगेवर बारीक ठिपके दिले. स्टुलावरच्या माणसासाठी एक, बाकासाठी दोन, या पायऱ्यांसाठी तीन.

"ठिपके लेन्सवरच्या या रेघेला लावले की झालं. त्यांना कॅमेऱ्यातून बघायला नको," ती म्हणाली. "आणि तू कुठे बोलू नकोस. तोंडघशी पडतील."

जुन्या कॅमेऱ्यावर ठिपके चोख होते. नव्यावर ती कडी केसभर पातळ निघाली आणि आईचे ठिपके खोटे पडले. हे मला दुरुस्तीवाल्याने समजावून सांगितलं. बाबा अजून इमानाने ठिपके रेघेला लावतात, आणि फोकस माणसांना ओलांडून मागे भिंतीवर जाऊन बसतो. कुणी ठिपक्यांचं विचारलंच तर म्हणतात, "माझी खूण आहे ती."

"चेहरे असे काय?" आता ते ओरडले. "मी काही सुई टोचणार नाहीये."

सगळ्या हसल्या. हसवणं त्यांना अजून येतं. त्यांनी तीन ठिपके रेघेला लावले आणि बटण दाबलं.

मी पुढे झाले आणि न विचारता फोटो मोठा केला. पाटीवरचे खिळे, चारही. मेट्रनबाईंचं नाक कुठे संपतं ते समजेना.

पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी येऊन डोकावल्या, आणि मग दयेला नुसता ऊत आला.

"ऊन आडवं आलं असेल."

"नव्या कॅमेऱ्यांचं असंच असतं हो."

"आम्हीच हललो असू, मास्तर."

रोग्याला 'आज छान दिसताय' म्हणताना लावतात ना, अगदी तोच आवाज. बाबांनी तो हातोहात झेलला.

"तेच म्हणतो मी. मधली रांग हलली."

मेट्रनबाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षं मी लोकांना हलू नका म्हणून सांगत आले. मी हललेले नाही."

कडीचा दोष आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरंच होतं ते. पण 'ती नुसती बॅग धरते' हे मी इतकी वर्षं ऐकलं होतं, की माझं तोंड उघडलं नाही.

बाबांनी रिंग थोडी पुढे केली, थोडी मागे. अंगठा ठिपक्यांवर थांबला. मग रुमाल काढून त्यांनी ते तीन ठिपके पुसले, निघणार नाहीत इतक्या हलक्या हाताने, आणि तिपाईपासून दोन पावलं बाजूला झाले.

"नाही हललात तुम्ही," ते म्हणाले. आवाज ग्रुपला सूचना देतानाचा, मागच्या रांगेपर्यंत जाईल असा. "फोकस आमची ही करायची. चौतीस वर्षं. मी नुसतं बटण दाबायचो."