शून्य बाधेचा झिरा

दूरच्या महासागरात कुणी अणुबाँब फोडत होते. त्या बाँबची राख उतरलेल्या, माणसे राहत असलेल्या बेटांची शुद्धी कोणत्या क्रमाने करावी, याचा एक छापील नमुना १९५८ च्या दसऱ्यानंतर यवतमाळात पोचला. जिल्ह्याला समुद्र नव्हता. पण नमुना कोरा परतवणे समुद्र नसण्याहून लाजिरवाणे होते. म्हणून उमरखेडच्या बाजूला, पैनगंगेच्या दोन धारांत अडकलेले आमचे गाव शोधले गेले.

नमुना घेऊन साहेब डोंग्यातून उतरले, तेव्हा राखेची बाधा मोजायचे यंत्र नदीत पडले. त्यांनी पाण्याकडे क्षणभर पाहिले आणि जाहीर केले, "मोजमाप आता शपथेवर होईल."

पारावर त्यांनी समजावले, "ही बाधा दिसत नाही. तिला वास नाही. पाण्यातून पसरते, पिढ्यान्‌पिढ्या राहते."

गावाने सुटकेचा निःश्वास सोडला.

"हे तं आमाले ठाव हाय, साहेब," पाटील वामनराव म्हणाले. "लिवा, पयला नंबर बौद्धपुरा."

"ठीक. पहिल्या क्रमांकाला सरकार उन्हाळ्याआधी बांधीव विहीर देईल."

पारावरच्या पिंपळाची पाने हलायची थांबली असावीत. बौद्धपुऱ्याला विहीर नव्हती. वाळूत उकरलेला एक झिरा होता. चैत्रात नदीबरोबर तोही आटला, की तिथल्या डोमाजीची सून सत्यशीला कोसभरावरून घागर आणी.

"थांबा," वामनराव म्हणाले. "माही गल्ली पयली लिवा."

"तुमच्याकडे बाधा आहे?"

"लय हाय! चुलीपासून देवघरापर्यंत."

"माह्या घरी याहून जास्त!" शेजारी ओरडला.

"तुह्या घरी कायची आली? आमच्याकडं आज्यापासून हाय!"

दुपार कलेपर्यंत अख्ख्या वरच्या गल्लीने आपण बाटलो असल्याचे अंगठे उमटवले. पुजाऱ्याने गाभाराही लिहून दिला.

उरला डोमाजी.

"तुमच्याकडे किती?" साहेबांनी विचारले.

'सगळ्यांहून जास्त' एवढेच म्हणायचे होते. गावाच्या सात पिढ्या साक्षीला उभ्या राहिल्या असत्या. घागर कमरेवर घेऊन सत्यशीला सासऱ्याकडे पाहत होती. त्या घागरीच्या काळ्या तोंडात एक अख्खा उन्हाळा वाट पाहत होता.

"सांगून टाका ना, डोमाजी," साहेब हळूच म्हणाले. "विहीर मिळेल."

"कायचं सांगू? आमच्याकडं काई नाही. दोन दसऱ्यांआधी नागपूरले सोडून आलो."

सत्यशीलेने घागर दुसऱ्या कडेवर घेतली.

साहेबांनी लिहिले: शून्य. वामनरावांची गल्ली पहिली आली. मग साहेबांनी नमुन्याची मागची बाजू वाचली आणि शुद्धी होईपर्यंत बाधित घरांच्या साऱ्या विहिरींना लाखेचे शिक्के ठोकले, नदीचे पाणीही बंद केले. बेटावर पिण्यास योग्य पाणी एकच उरले.

सकाळी झिऱ्यापुढे रांग लागली. सर्वांत पुढे वामनराव. सत्यशीला करवंटीने घागर भरत होती. वामनराव काठाशी थबकले, त्यांनी इकडेतिकडे पाहिले. पाणी मागायची दुसरी रीत त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते उकिडवे बसले आणि त्यांनी वाकून ओंजळ पुढे केली.

ती ओंजळ सत्यशीलेच्या ओळखीची होती. तिने करवंटी उचलली.

"वरून नाही ओतत आमी, पाटील," ती म्हणाली आणि करवंटी तिने त्यांच्या हातात दिली. "घ्या. हातानं भरा."